दगडूचं काही खरं नाही

तक्त्याच्या पहिल्या रकान्यावर 'घरट्याचा क्रमांक' असं ठळक छापलेलं होतं. त्याखाली उखर्डूनानांनी लिहिलं होतं, दगडू. त्याखाली धोंडू. मग कचरू, केरू, भिका, झिपरू, चिंधा आणि नथ्थू. घरटी आठ, नावं आठ. अक्षर मात्र सुरेख होतं, कारण नानांनी तीस वर्षं गावची कोतवालकी केली होती. मी तो कागद हातात धरून तापीच्या काठावर उभी होते. एप्रिलातलं ऊन होतं, नरडाण्यापासून स्कूटरवर आले होते, आणि माझं डोकं तसंही लवकर तापतं.

"नाना, क्रमांक कुठे आहेत?"

"क्रमांक नही टाकात औंदा," नाना शांतपणे म्हणाले. "मांगना साली टाकात. काय झायं? बठ्ठा गयात."

मागच्या साली खरंच सगळे गेले होते. त्याचं असं आहे की धुळ्यातली आमची छोटीशी संस्था दर उन्हाळ्यात नदीकाठच्या पक्ष्यांच्या विणीवर लक्ष ठेवते. तापीचं पाणी उतरलं की शिंदखेडा तालुक्यातल्या या गावासमोर वाळूचं आणि गोट्यांचं एक बेट उघडं पडतं. त्यावर नदी सुरय नावाचा पक्षी अंडी घालतो. राखाडी पाठ, डोक्यावर काळी टोपी, चोच पिवळी, आणि उडणं इतकं देखणं की बघत राहावं. अक्कल मात्र बेताची. घरटं म्हणून काही बांधायचंच नाही. वाळूत पोट घासून खळगा करायचा आणि त्यात गोट्यांच्या रंगाची दोन-तीन अंडी घालून मोकळं व्हायचं. म्हशीच्या खुरानेही याहून खोल खळगा पडतो. मग त्याच म्हशी तिथून चालत जातात, कुत्री येतात, कावळे येतात, आणि उरलंसुरलं मे महिन्याचं ऊन भाजून काढतं.

म्हणून प्रत्येक बेटावर आम्ही एक राखणदार नेमतो. नियम सोपे आहेत. काठावरच्या खोपीत बसायचं, दुर्बिणीतून बघायचं, गुरं-कुत्री वळवायची, रोजची नोंद करायची. अंड्यांना आणि पिल्लांना हात लावायचा नाही.

गेल्या वर्षी राखणदार शोधत मी या गावात आले, तेव्हा लोकांनी नानांकडे बोट दाखवलं. कोतवाल म्हणून निवृत्त झालेला माणूस, दिवसभर पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला 'कोठे जास?' म्हणून विचारायचा. लोक कंटाळले होते. त्यांना पक्ष्यांची काळजी होती असं मला वाटलं, पण त्यांना नानांना नदीवर पाठवायचं होतं.

गावात कुणी जन्मलं की मेलं की त्याची खबर पोहोचवणं हे नानांचं कामच होतं. आपल्या कारकिर्दीत गावातलं एकही पोर नोंदीवाचून राहिलं नाही, हा त्यांचा अभिमान. तीच सवय त्यांनी पक्ष्यांना लावली. पहिल्या वर्षीची त्यांची वही मी अजून जपून ठेवली आहे. 'घरटे क्र. ४. अंडी तीन. म्हशीच्या पायाखाली येऊन मयत. खबर देणार: स्वतः.' 'घरटे क्र. ७. पिल्लू एक. कावळ्याने नेल्याने मयत. वेळ सकाळी सव्वाआठ.' अशा अकरा घरट्यांच्या नोंदी आहेत. शेवटच्या पानावर एकच ओळ: 'बठ्ठे मयत.' त्या दिवशी नानांनी वही माझ्या हातात दिली आणि रुसलेल्या बायकोसारखे तोंड फिरवून बसले. मी समजूत घातली की पहिल्या वर्षी असं होतं. ते म्हणाले, कोतवालाच्या हद्दीत अकरा घरं बसली आणि अकराही उठली, यात समजूत कसली घालता.

आणि या वर्षी तर प्रश्नच वेगळा होता. पैसे देणाऱ्या संस्थेने कळवलं होतं की सलग दुसऱ्या वर्षी एकही पिल्लू उडालं नाही, तर हे बेट यादीतून काढायचं. खोप, दुर्बीण, वही, सगळं परत. हे मी नानांना मार्चमध्येच सांगितलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "येक उडनं तं?"

"एक उडालं तरी पुरे," मी म्हटलं.

त्यावर त्यांनी जो विचार केला तो आता माझ्या हातातल्या कागदावर उतरला होता.

"मना पह्यले मायले तीन पोरं व्हयनात," नाना सांगू लागले. "तिन्ही गयात. मंग माले सुपडामा घालं, उकिरडावर नेई ठेवं. आत्यानी उचलं. नाव ठेवं उखर्डू. देखा, चौसष्ट वरीसना शे."

मागून जन्मलेल्या बहिणीला शेजारणीकडून भीक म्हणून मागून घेतलं, तिचं नाव भिकुबाई. तीही साठीची आणि टणटणीत, बेटाच्या अलीकडे नदीपात्रात टरबुजाची वाडी करते. म्हणजे ज्याला कुणी किंमत देत नाही ते मरणाच्याही डोळ्यांवर येत नाही, असा सगळा हिशोब. अकरा क्रमांक मेले, उखर्डू आणि भिकू जगले. एवढ्या पुराव्यापुढे माझी एम.एस्सी. काय टिकणार!

"नाना, तुम्ही या गोष्टी मानता?" मी विचारलं. कारण नानांच्या घरात पंचशीलाची चौकट आहे, आणि मुलाचं नाव त्यांनी हौसेने प्रशील ठेवलं आहे. प्रशील नरडाण्याच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याला ही नावं कळली तेव्हा तो बापावर महिनाभर चिडला होता.

"मी हाई काही मानस नही," नाना म्हणाले. मग दुर्बीण पुसत म्हणाले, "पन करामा काय जास?"

एवढं मात्र सांगायला हवं की ते नुसत्या नावांवर विसंबले नाहीत. काठावरून बेटाकडे जाणारी म्हशींची वाट त्यांनी बाभळीच्या काट्यांनी बंद केली. गुराख्यांना दुसरा उतार दाखवला. भिकुअक्कांचा कुत्रा बांधायला लावला, त्यावरून भावा-बहिणीत आठ दिवस अबोला होता. अक्कांची तक्रार वेगळीच होती. सुरयांना त्यांची वाडी आपल्या हद्दीत वाटायची. अक्का टरबुजाला वाकल्या की वरून एक तरी पक्षी कर्कश ओरडत डोक्यावर झेपावायचा.

"तुना पाखरं मना डोकावर उतरतस," अक्का भावाला म्हणायच्या. "मी टरबूज तोडू का डोकं सांभाळू?"

शेवटी त्यांनी डोक्यावर घमेलं पालथं घालून वाडीत काम करायला सुरुवात केली. सुरयांनी त्या घमेल्यावर शिटून शिटून रांगोळी काढली. तेही त्यांनी पुढे कौतुकाने दाखवायला सुरुवात केली, पण 'कौतुकाने' हा शब्द मी जपून वापरते आहे, कारण खरी भानगड तिथेच होती.

नुसतं वाईट नाव ठेवून भागत नाही. चांगलं बोलायचंही नाही. हे मला नथ्थूच्या वेळी समजलं. नथ्थूचं एकुलतं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं त्या सकाळी मी खोपीतच होते. आई नदीत पोट बुडवून यायची आणि ओल्या पिसांनी त्या पिल्लावर बसून त्याला गार करायची. इतका वेळ दुर्बिणीत बघितल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "काय गोड आहे हो नाना!"

नानांचा चेहराच उतरला. "ताई, आसं बोलू नका."

"का?"

"नका बोलू."

दहा मिनिटांनी कावळ्याने नथ्थू उचलला. मी विज्ञानाची विद्यार्थिनी आहे. दहा मिनिटांत कावळा येणं हा योगायोग आहे हे मला कळतं. पण नानांनी वहीत लिहिलं, 'नथ्थू. कावळ्याने नेल्याने मयत. त्यापूर्वी ताई बोलल्या.' ती ओळ अधिकृत नोंदवहीत आहे आणि मला ती खोडता येत नाही, कारण घटना दोन्ही घडल्या आहेत आणि क्रमही बरोबर आहे.

त्यानंतर माझी जीभ बदलली. खोपीत पाऊल ठेवलं की मी विचारायची, "काय म्हणतंय ते मरतुकडं?" नाना खुशीत सांगायचे, "काही खरं नही ताई." म्हणजे पिल्लू तीन मासे खाऊन झोपलेलं असायचं. "अगदीच काही खरं नाही" म्हणजे पंख फुटायला लागले. सवय इतकी अंगात भिनली की मावसबहिणीने तान्ह्या बाळाचा फोटो पाठवला तेव्हा मी 'दिसायला काही विशेष नाही' असं उत्तर पाठवलं. मावशी अजून माझ्याशी बोलत नाही.

मे महिना जसजसा चढत गेला तशी नावं गळत गेली. धोंडू उन्हाने गेला. कचरू, केरू एका भटक्या कुत्र्याने नेले, तो दिवस नानांनी उपाशी काढला. भिकाची अंडी उबलीच नाहीत. झिपरूचं पिल्लू एका सकाळी दिसेनासं झालं. वीस मेला दोन उरले. दगडूचं एक पिल्लू आणि चिंधाचं एक. दोन्ही तीन आठवड्यांची झाली होती, पंख झाडून बघायची, आणखी आठवडाभरात उडतील अशी.

आणि एकवीस तारखेला पैसे देणाऱ्या संस्थेचे तपासणीचे साहेब आले.

साहेब पुण्याचे, तिशीतले, अतिशय नम्र. पाणी देणाऱ्यालाही दोनदा धन्यवाद म्हणायचे. त्यांची एक पद्धत होती आणि ती चांगली होती, हे मी आजही कबूल करते. कार्यालयातल्या लोकांनी रंगवलेल्या अहवालांवर त्यांचा विश्वास नव्हता. गावातला माणूस स्वतःच्या तोंडाने काय सांगतो ते ते शब्दशः लिहून घ्यायचे. मी बोलायला तोंड उघडलं की हात वर करून म्हणायचे, "तुमचं नंतर, मॅडम. आधी स्थानिकांचं."

पिल्लं काही दिसेनात. माणसांची चाहूल लागली की ती गोट्यांत पडून गोटाच होतात. साहेबांनी अर्धा तास दुर्बिणीला डोळा लावला, तेवढ्यात उन्हाने त्यांचं नाक लाल झालं. मग त्यांनी वही काढली.

"नाना, पिल्लं कशी आहेत?"

"कसानी पिल्लं साहेब," नाना म्हणाले. "दोन शेत, त्या बी मरतुकडा. काही खरं नही."

साहेबांनी लिहून घेतलं.

"उडतील असं वाटतं का?"

"कोन जाने. मना तं भरोसा नही."

तेही लिहून घेतलं. मी नानांना डोळ्यांनी खुणावत होते. त्यांना वाटलं मी शाबासकी देते आहे. त्यांनी आणखी चेव येऊन सांगितलं की इतकी रोगट पिल्लं त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नाहीत.

साहेब वाडीत अक्कांकडे गेले. अक्का घमेलं घालूनच उभ्या होत्या.

"मावशी, पक्ष्यांबद्दल काय सांगाल?"

"पाखरं? काय कामना शेत त्या. काळाबेरा, घानेरडा. देखाले बी जाऊ नका," असं म्हणून अक्कांनी साहेबांच्या हातात टरबुजाची फोड दिली.

साहेबांचा चेहरा गंभीर झाला. ते माझ्याकडे वळले. "मॅडम, आता तुमचं मत. खरं सांगा."

मी गेला महिनाभर याच प्रश्नाची वाट बघत होते. आकडे पाठ होते, वाढीचे तक्ते पिशवीत होते. समोर बेटावर दगडू कुठेतरी पडून ऐकत होता. मी तोंड उघडलं आणि मला नथ्थू आठवला.

"काही खरं नाही, सर," मी म्हणाले. "अगदीच काही खरं नाही."

साहेबांनी खेदाने मान हलवली, माझ्या प्रामाणिकपणाबद्दल धन्यवाद म्हटलं, आणि वहीत काहीतरी लिहून त्याखाली रेघ ओढली. मग म्हणाले, "वाईट वाटतं, पण सगळ्यांचंच एकमत आहे. हे बेट आपण या वर्षीपासून सोडू. नाना, दुर्बीण मॅडमकडे जमा करा." आणि ते गाडीकडे निघाले.

नाना जागच्या जागी उभे राहिले. त्यांच्या आईची एक गोष्ट त्यांनी मला आदल्याच आठवड्यात सांगितली होती. कोतवालाची नोकरी लागली तेव्हा ते पेढे घेऊन आईकडे गेले. आईने पेढा हातात घेतला आणि म्हणाली, "तुले कोन ठेवी नोकरीवर? दोन दिनमा काढतीन." मग ती मागच्या अंगणात गेली. नाना हळूच बघायला गेले, तर ती पदरात तोंड घालून रडत होती आणि पेढा तसाच मुठीत होता. मरेपर्यंत ती त्यांना कधी चांगला म्हणाली नाही. नानांना त्याचं वाईट वाटत नव्हतं. उलट आपल्यावर किती जीव होता याची खूण म्हणून ते ही गोष्ट सांगायचे.

तर असा माणूस आता साहेबांच्या मागे चालू लागला. गाडीपाशी पोहोचल्यावर त्यांनी आधी बेटाकडे पाठ केली. मग उपरणं तोंडावर धरलं आणि साहेबांच्या कानाशी जाऊन काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणालात?" साहेबांनी विचारलं.

"दगडू चांगला शे," नाना पुन्हा पुटपुटले.

"ऐकू येत नाही, नाना. मोठ्याने बोला ना."

नानांनी माझ्याकडे बघितलं. इतका लाचार चेहरा मी कुणाचा पाहिलेला नाही. मग त्यांनी डोळे मिटले आणि साऱ्या नदीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दगडू चांगला शे साहेब. भलता चांगला शे. पख निंघनात. चार दिनमा उडी जाई."

तिकडे वाडीत अक्कांच्या हातातलं टरबूज खाली पडून फुटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि साहेबांना मात्र काही म्हणजे काही कळेना. मी त्यांना गाडीतच बसवून सगळं समजावलं. आवाज अर्थातच खाली ठेवून. त्यांनी ऐकलं, वहीतली रेघ खोडली आणि विचारलं, "म्हणजे मघाशी ती मावशी…?"

"अक्का रोज त्यांच्यासाठी कुत्रा बांधून ठेवतात."

साहेबांनी एकतीस मेपर्यंत मुदत दिली. उडतानाचा व्हिडिओ हवा, एवढंच म्हणाले.

पुढचे चार दिवस नाना जेवले असतील असं मला वाटत नाही. ते खोप सोडून हलले नाहीत. प्रशील सुट्टी घेऊन डबा घेऊन आला, म्हणाला, "आबा, शब्दाने काही होत नसतं." नाना म्हणाले, माहीत आहे, आणि दुर्बीण सोडली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आकाशातून घार उतरली. नाना पाण्यातून ओरडत धावले, प्रशील धावला, अक्का घमेलं वाजवत आल्या, पण घारीने आपलं काम केलं होतं. वर उचललं गेलेलं पिल्लू आम्ही चौघांनीही पाहिलं. नाना वाळूत मटकन बसले.

मी दुर्बीण लावली. दगडू गोट्यांतच होता. गेला होता तो चिंधा.

नानांनी स्वतः बघून खात्री केली. दुर्बीण खाली ठेवली. मग म्हणाले, "नजर जराशी चुकनी."

चोवीस मेची ही गोष्ट. पंचवीसला सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी दगडू दोन पावलं पळाला, पडला, उठला, पुन्हा पळाला आणि वाऱ्यावर उचलला गेला. पहिल्या फेरीत तो कसाबसा बेटाच्या टोकापर्यंत गेला. दुसऱ्या फेरीत पाण्यावरून गेला, अक्कांच्या वाडीवरून वळला आणि आईबापांच्या मागे पार नदीच्या वळणाआड दिसेनासा झाला. व्हिडिओत अर्धा वेळ माझा अंगठा दिसतो, पण दगडूही दिसतो. साहेबांनी तो मंजूर केला आणि बेट यादीत राहिलं.

नाना वही उघडून बसले होते. त्यांच्याकडे दोनच शब्द होते, जन्म आणि मयत. रिकाम्या रकान्यावर बोट टेकवून म्हणाले, "ताई, आठे काय लिखू?"

"उडाला, असं लिहा."

त्यांनी लिहिलं, 'दगडू. उडाला. सकाळी ७.२०. खबर देणार: स्वतः.' त्याखाली सही केली. मग मला म्हणाले, "आते बोला ताई. आते काय बी बोला त्याले."

मी बोलले. गोड, सुंदर, देखणा, हुशार, महिनाभर दाबून ठेवलेलं सगळं नदीकडे तोंड करून बोलले. अक्काही बोलल्या, त्यांच्या बोलण्यात दोन शिव्याही होत्या, पण त्या लाडाच्या होत्या. आणि त्याच भरात मी नानांकडे वळले. म्हटलं, "नाना, आणि तुम्ही किती चांगलं…"

नानांनी झटकन हात वर केला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"नका ताई," ते हळूच म्हणाले. "तो उडी गया, त्याले बोला. मी आजून आठेच शे."

मी वाक्य तिथेच सोडलं. पण हंगाम संपल्यावर राखणदाराविषयीचा अभिप्राय लिहावाच लागतो, त्याचा छापील कागद असतो, आणि त्यावर नानांचीही सही लागते. खोपीत बसूनच मी तो भरला. नानांनी चष्मा लावून सावकाश वाचला, एकदा माझ्याकडे बघितलं, समाधानाने मान हलवली आणि सही केली. मी लिहिलं होतं: 'अगदीच टाकाऊ माणूस. कामाचा नाही. पुढच्या वर्षीही हाच ठेवावा.'